सायबर फौजेचा प्रमुख नौदलाचा का? समजून घ्या

लातूर : २७ जून २०१७. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. कारण होते नॉटपेट्या हा संगणकीय हल्ला. रोख युक्रेनवर, फटका थेट रायगड जिल्ह्यात! त्यात वापरलेले ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटले, असे मानले जाते. तेव्हा एनएसएचे प्रमुख होते अॅडमिरल मायकेल रॉजर्स. म्हणजे नौदलाचे अधिकारी.

रॉजर्स १९८१ मध्ये नौदलात आले, ते युद्धनौकेवरचे अधिकारी म्हणून. १९८६ मध्ये त्यांनी संकेतलिपीची शाखा धरली आणि मग ती सोडली नाही. २०११ मध्ये नौदलाच्या सायबर विभागाची सूत्रे आणि एप्रिल २०१४ मध्ये एनएसए व सायबर कमांड, दोन्ही खुर्च्या एकाच वेळी त्यांच्याकडे आल्या. हत्यारे फुटली तीही त्यांच्याच काळात, हे विसरून चालणार नाही.

पण नौदलच का? समुद्रातल्या जहाजाचा किनाऱ्याशी संबंध रेडिओवरच. शत्रूचे संदेश ऐकणे आणि आपले लपवणे ही नौदलाची जुनी सवय. १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईआधी अमेरिकी नौदलाने जपानी संकेत फोडलेच होते.

भारतातही २०१९ मध्ये डिफेन्स सायबर एजन्सीचे पहिले प्रमुख झाले रिअर अॅडमिरल मोहित गुप्ता. तिन्ही दलांचे मनुष्यबळ असलेली ही संस्था आहे. अमेरिकेसारखी स्वतंत्र कमांड नाही. मात्र आपली खरी अडचण नावाची नसून माणसे टिकवण्याची आहे.

लातूर-नांदेडच्या मुलांना इथे दोन दारे आहेत. बारावीनंतर जेईई मेनच्या रँकवर आणि एसएसबी मुलाखतीतून एझिमलाच्या नौदल अकादमीत बी.टेक. किंवा पदवीनंतर माहिती तंत्रज्ञानाची शॉर्ट सर्व्हिस. दुसऱ्या वाटेने गेलेल्याची नोकरी १० वर्षांची, वाढवून १४. हात बसतो न बसतो तोच निरोपाची वेळ, आणि दाराशी खासगी कंपनी उभीच असते. रॉजर्स एनएसएच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या सेवेला ३३ वर्षे झाली होती. सायबरमधल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांना कायम ठेवण्याची वाट संरक्षण मंत्रालयाने आता रुंद करायला हवी.