फॉर्म भरला म्हणजे पेटंट झालं?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत हमखास ऐकू येतं, "पेटंटला वकील कशाला? अर्ज ऑनलाइन आहे, एकट्या माणसाला फी १६०० रुपये. पोरगा भरेल की!" कायद्याने यात खोटं काही नाही, शोधकर्त्याला स्वतः अर्ज करता येतो. पण १६०० रुपयांत अर्ज नुसता दाखल होतो, तपासणीचे ४००० वेगळे. आणि हक्क मिळतो तो क्लेममध्ये, म्हणजे अर्जातल्या दाव्यांत, जे लिहिलं असेल तेवढ्यावरच.

समजा, कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र आहे. पोराने लिहिलं, 'चार लोखंडी रोलर असलेलं यंत्र'. पलीकडच्या गाळेवाल्याने तीन फायबरचे रोलर लावले की तो मोकळा. जाणता पेटंट एजंट आधी विचारतो, कांदा लहान-मोठा वेगळा होतो तो नेमका कशामुळे? रोलरमधली फट वाढत जाते म्हणून? मग मुख्य क्लेम त्या फटीवर बांधायचा, लोखंड-फायबर खालच्या क्लेममध्ये. अशी फट आधीच कुणी वापरलेली निघाली, तर तेही तो पैसे बुडण्याआधी सांगतो. द्राक्षाच्या छाटणीची नवी पद्धत घेऊन गेलात तर सरळ नाही म्हणेल, कारण शेती-बागायतीच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंटच नाही. छाटणीच्या नव्या कात्रीचा मात्र विचार होऊ शकतो.

दुसरे म्हणतात, "आपले वकीलसाहेब आहेत ना, जमिनीची केस त्यांनीच जिंकली." साहेबांबद्दल आदर आहे, पण पेटंट एजंटला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागतेच. नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालय जाहीर करतं. त्यात नाव बघायला पाच मिनिटं पुरतात. आपला अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, तेव्हा एजंट नाशकातलाच हवा असं नाही. यंत्र चालू असताना बघायला तो गाळ्यावर येतो का, हे मात्र मी जरूर पाहीन.

राहिला खर्च. केंद्राची स्टार्टअप मान्यता असेल, तर स्टार्टअपसाठीच्या सरकारी योजनेत नेमलेल्या सहायकाचं मानधन सरकार देतं, सरकारी फी तेवढी आपली. ही सोय माहीत नसलेले उद्योजकच जास्त भेटतात!

एजंटकडे जायचं ते डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनात स्टॉल लावायच्या आधी. यंत्र चारचौघांत मांडलं की नवेपणाला बाध येतो, आणि कायद्यातली सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. यंत्र अजून अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.