घाटांतील सरासरी

दोडामार्गाहून तिलारी घाट चढून मुलास बेळगांवीं परीक्षेस न्यावयाचें असतां निघण्याची वेळ बहुधा चुकीच्या हिशेबानें ठरते, असें आम्हांस दिसतें. हिशेबापुरतें अंतर ६० किलोमीटर धरूं. निम्मी वाट गाडी ताशीं २० किलोमीटरनें गेली, निम्मी ६० नें. सरासरी ४०, सबब दीड तास पुरे, असें झटकन् म्हटलें जातें. परंतु पहिल्या ३० किलोमीटरांसच दीड तास सरला! आतां ४० ची सरासरी गांठावयास पुष्पकविमानहि पुरें पडणार नाहीं. पुढला अर्धा तास मिळवून दोन तास; खरी सरासरी ३०. एकूण अंतरास एकूण वेळेनें भागावें, हीच रीति.

मग गतींची बेरीज करून निम्मी करणें कधींच चालत नाहीं काय? चालतें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ंत (इ. स. ११५०) शत्रूचे हत्ती हरण करावयास निघालेला एक राजा आहे. पहिल्या दिवशीं २ योजनें, पुढें रोज सारखी वाढ, ७ दिवसांत ८० योजनें. वाढ २२/७ निघते, म्हणून शेवटच्या दिवशीं १४६/७ योजनें. पहिल्या व शेवटच्या चालीची निम्मी बेरीज ८०/७, आणि सरासरीहि तीच! कारण तेथें प्रत्येक गतीस एकेकच दिवस मिळाला आहे. घाटांत आपण समान भाग केले ते वाटेचे, वेळेचे नव्हेत. मंद गतीनें वेळेचे तीन वांटे घेतले, जलद गतीस एकच उरला.