शिवणीत थोडी माया हवी

शाळेचा गणवेश शिवताना जाणता शिंपी दोन गोष्टी न सांगता करतो. आधी कच्चा टाका घालून कपडा मुलाच्या अंगावर चढवून पाहतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. शिवाय शिवणीच्या आत थोडे कापड, म्हणजे माया, राखून ठेवतो. मूल अंगाने भरले की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. माया न ठेवता शिवलेला कपडा एकदा आखूड झाला की कामातून गेला. चूक झाली तर ती किती महागात पडेल, हे शिवणारा असे आधीच ठरवत असतो.

आज घरोघरी मुले जे संगणकीय खेळ खेळतात, त्यांच्या निर्मात्यांपुढेही गेली पंचवीस वर्षे हाच प्रश्न उभा आहे. वरवर तो पोरखेळ वाटेल. पण मुले चुकायला का घाबरतात, हे ज्या पालकांना समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी तो बराच उपयोगाचा आहे.

पात्र ‘घडवणे’ म्हणजे काय?

‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग’ या प्रकारच्या खेळांत खेळाडूला एक पात्र मिळते. कुणी योद्धा निवडतो, कुणी मांत्रिक, कुणी तिरंदाज. राक्षस मारत पुढे गेले की पात्राची पातळी वाढते आणि प्रत्येक पातळीला काही गुण हाती येतात. ते ताकदीवर खर्च करायचे की चपळाईवर, अग्निअस्त्रावर की बचावावर, हे खेळाडूने ठरवायचे. या निवडींतून पात्राची जी घडण तयार होते तिला मुले ‘बिल्ड’ म्हणतात. खेळाची खरी गंमत या घडणीतच असते.

अडचण अशी की, सुरुवातीला केलेली निवड चुकली हे बऱ्याच पुढे गेल्यावर कळते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या मराठी घरात संध्याकाळी असा संवाद सहज कानावर पडू शकेल. बारावीतला मुलगा हिरमुसून बसलेला असतो. आई म्हणते, “एवढं काय त्यात? चुकलं तर नवीन सुरू कर.” तो म्हणतो, “आई, नवीन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. महिना जाईल माझा.”

त्याचा हिशेब चुकीचा नसतो. समजा, एक पात्र नावारूपाला आणायला तीस तास लागतात आणि घरातून रोज एकच तास खेळायची परवानगी आहे. मग एका चुकीच्या प्रयोगाची किंमत होते पूर्ण एक महिना. अशा वेळी मूल प्रयोग करणेच सोडून देते. दुसऱ्या कुणीतरी तयार केलेली घडण व्हिडिओत पाहून जशीच्या तशी उतरवते. हात त्याचे चालतात, डोके मात्र दुसऱ्याचे.

दुरुस्तीला लागली दहा वर्षे

या प्रकारच्या खेळांत ‘डायब्लो २’चे नाव आदराने घेतले जाते. तो २००० साली आला. त्यात एकदा खर्च केलेला गुण परत मिळत नसे. चुकलेले पात्र सोडून द्यायचे आणि नवे सुरू करायचे, हाच रिवाज होता. म्हणून जाणकार खेळाडू गुण खर्चच करीत नसत. पुढे मोठी अस्त्रे खुली होईपर्यंत ते साठवून ठेवत आणि तोवर अशक्त पात्र घेऊन कसेबसे पुढे सरकत. पुढच्या चांगल्या दिवसांसाठी आजचे दिवस उपाशी काढण्याचाच हा प्रकार.

अखेर मार्च २०१० मधील सुधारणेत सगळे गुण परत घेण्याची सोय झाली. खेळाच्या तीन काठिण्यपातळ्यांपैकी प्रत्येकीत पहिली कामगिरी पार पाडली की एकदा ही मोकळीक मिळू लागली. त्याहून जास्त वेळा हवी असेल तर दुर्मिळ वस्तू गोळा करणे भाग होते. २०१२ सालच्या ‘डायब्लो ३’ने तर दुसरेच टोक गाठले. त्यात अस्त्रे हवी तेव्हा बदलता येऊ लागली. त्याच वर्षी आलेल्या ‘टॉर्चलाइट २’ने मधला मार्ग काढला आणि खर्च केलेले शेवटचे तीनच गुण परत घेण्याची मुभा ठेवली.

‘पाथ ऑफ एक्झाइल’ या २०१३ सालच्या खेळात तर तेराशेहून अधिक फांद्यांचा अवाढव्य वृक्ष आहे. नवखा खेळाडू तो पाहूनच गांगरतो. तिथे एकेक गुण परत घेण्यासाठी खास गोळे जमवावे लागत. २०२४ साली साध्या सुवर्णमुद्रा मोजूनही ही सोय मिळू लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा दुसरा भाग आला. त्यातला बदलाचा खर्च फार आहे अशी ओरड झाली आणि निर्मात्यांनी थोड्याच दिवसांत तो कमी केला. ‘लास्ट इपॉक’ या खेळात पात्राचे मुख्य कसब एकदा निवडले की कायमचे ठरत असे. एप्रिल २०२५ मध्ये तेही बदलता येऊ लागले. सगळ्यांची वाटचाल एकाच दिशेने झालेली दिसते.

पुण्याची राजी

याच विषयाचे एक उदाहरण अगदी आपल्या घरचे आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ तयार केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. भटक्या खेळवाल्यांमधली राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. राजस्थानी वास्तुकलेची छाप असलेल्या महाल-किल्ल्यांमधून तिचा प्रवास होतो. पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० सालच्या नामांकनांतही त्याचा समावेश होता.

प्रकाराने हा साहसी खेळ आहे, पात्रे घडवण्याचा मोठा पसारा त्यात नाही. तरी राजीच्या शस्त्रांना वेगवेगळ्या शक्ती जोडता येतात. त्यासाठी वेचलेले गुण एका शक्तीतून काढून दुसरीत घालता येतात आणि त्याचा दंड भरावा लागत नाही. खेळणारे मूल एका लढाईत एक शक्ती वापरून पाहते, नाही जमली तर पुढच्या लढाईत दुसरी. करून पाहण्याची भीती उरत नाही.

मग सगळेच फुकट का नसावे?

यावर काही जुने खेळाडू आक्षेप घेतात आणि त्यात तथ्य आहे. बदल अगदी फुकट असेल तर निवडीला वजन राहत नाही. सकाळी योद्धा, दुपारी मांत्रिक, संध्याकाळी तिरंदाज! मग ‘हे पात्र माझे’ ही भावना येणार कुठून? कष्टाने उभे केलेल्याची माया वेगळीच असते.

म्हणून चांगले निर्माते सुवर्णमध्य साधतात. शिकाऊ टप्प्यावर बदल जवळजवळ फुकट आणि पुढे थोडा महाग, ही एक रीत. सरावासाठी बुजगावणे उभे करून त्याच्यावर नवे अस्त्र आजमावू देणे, ही दुसरी. जुनी घडण जपून ठेवून नवी करून पाहू देणे, ही तिसरी. ‘डायब्लो ४’मध्ये जानेवारी २०२५ पासून अशी सोय आहे. आणि निर्मात्यांनीच नियम बदलले असतील, तर खेळाडूला एकदा सगळे गुण परत देणे, हा तर साधा न्याय झाला.

पालकांनी काय करावे?

खेळ विकत घेण्यापूर्वी किंमत पाहिली जाते, वयोमर्यादा पाहिली जाते. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : यात केलेली निवड बदलता येते का, आणि कशाच्या मोबदल्यात? मोबाइलवरील काही खेळांत चूक दुरुस्त करायला खरे पैसे मागतात. घाबरलेल्या, चिडलेल्या मुलाचा हात अशा वेळी वडिलांच्या फोनकडे जाऊ शकतो. पैसे भरण्याचा गुप्त क्रमांक मुलांच्या हाती असू नये.

मूल खेळात प्रयोग करीत असेल तर त्याला एक वही द्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदलले आणि काय घडले ते दोन ओळींत लिहायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतही हेच करायला शिकवतात. आठ दिवसांनी वही चाळली की नुसता वेळ गेला की काही शिकणे झाले, ते मुलालाच कळेल. खेळाचा तास मात्र ठरलेलाच असावा. प्रयोग स्वस्त झाले म्हणून अभ्यास महाग पडता कामा नये.

अकरावीची फांदी

एक फांदी मात्र अशी आहे, की तिच्यापुढे घरातली मोठी माणसेही गांगरतात. दहावीनंतर विज्ञान की वाणिज्य की कला? हा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी घ्यावा लागतो आणि तो चुकला तर अनेकदा पूर्ण वर्ष मोजावे लागते. मग मूल काय करते? मित्राने घेतले तेच घेते किंवा मामाचा मुलगा ज्या वाटेने गेला ती धरते. तयार घडण उतरवून काढण्याचाच हाही प्रकार.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयाच्या पातळीवर थोडी माया ठेवली आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशा टप्प्यांवर बाहेर पडण्याची आणि मिळवलेले श्रेयांक जपून पुन्हा शिकायला येण्याची तरतूद त्यात आहे. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर, जागा असल्यास, शाखा बदलता येते. प्रवेश घेतानाच या वाटांची चौकशी करून ठेवावी.

त्याआधीचा कच्चा टाका मात्र घरातच घालावा लागतो. वाणिज्याकडे ओढ असलेल्या मुलीला सुट्टीत काकांच्या दुकानाचा महिनाभराचा हिशेब लिहू द्यावा. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्याने अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक चार दिवस स्वतः वाचून पाहावे. यात पैसा फारसा जात नाही आणि वर्ष तर नाहीच. आणि महिनाभराने मुलगी म्हणाली, “आई, हे माझं काम नाही,” तर तिला ‘धरसोड’ म्हणून टाकून बोलू नये. अकरावीचा अर्ज अजून भरायचा असतो, आणि तिला एक गोष्ट आत्ताच कळलेली असते.