शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आमच्या लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की लहान पोरही ती म्हणून दाखवील. म्हण कोणी काढली ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु ज्याचे कागद घरच्या बस्त्यात घट्ट बांधलेले आहेत त्यालाच ती परवडते, एवढे मात्र आम्ही पैजेवर सांगू. ज्याचा कागद कोर्टाच्या दप्तरखान्यात पडून आहे, आणि तो कोठल्या दप्तरखान्यात हेही ज्यास माहीत नाही, त्याने पायरी चढायची नाही तर काय करावयाचे? पायरी दोन कामांसाठी चढतात. एक भांडण्यासाठी आणि दुसरे नक्कल मागण्यासाठी. पहिल्या कामापासून आमच्या शेतकरी-कारागीर बांधवांनी दूर राहावे हे आम्हांसही मान्य आहे. पण दुसरे काम न केल्यामुळेच पहिल्याची पाळी येते, हे कोणी सांगत नाही.

आमच्यात माणूस वारला की तेरावा होईपर्यंत सारे गाव दारात असते. चौदाव्या दिवशी वारसाचा विचार सुरू होतो, आणि तो सगळा तोंडी! धारूर तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरातली एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. घरचा कर्ता ऊसतोडीला गेला असता तिकडेच वारला. मागे बायको, दोन मुली, एक मुलगा. नावावर दीड एकर कोरडवाहू आणि बँकेत थोडी ठेव. थोरला दीर म्हणतो, "तू कशाला हेलपाटे घालतीस? मी सगळं बघतो, तू नुसता अंगठा दे." बाई अंगठा देते. कोर्टात अर्ज पडतो, नोटीस निघते, ती चावडीवर लागते, वर्तमानपत्रात छापून येते. पण तेव्हा वाडीत असते कोण? दिवाळीनंतर अर्धी वाडी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली, ती परतते पाडव्याच्या सुमारास. हरकतीची मुदत तोवर सरून जाते. हरकत नाही, सबब अर्ज मंजूर!

दहा वर्षांनी मुली मोठ्या होऊन विचारतात, तेव्हा चुलत्याकडून उत्तर मिळते, "कोर्टानं दिलंय." या दोन शब्दांपुढे आमची माणसे गप्प बसतात. कोर्टाने नेमके काय दिले, अर्जात वारस म्हणून कोणाकोणाची नावे लिहिली होती, मुलींची नावे होती की गाळली होती, हा कागद त्या घरात कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसे ज्याच्या हाती नक्कल तो वारस!

आता कोर्ट खरोखर काय देते ते पाहू. मृत्युपत्र खरे ठरवून घेण्यास प्रोबेट म्हणतात. त्याची सक्ती मुख्यतः मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांपुरती होती. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यास ती कधीच नव्हती. म्हणून आमच्या भागात प्रोबेटची प्रकरणे थोडी. आमच्याकडे चालतात ती दुसरी दोन. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणे रकमेसाठी असते. बँकेतील ठेव, रोखे, लोकांकडील उसनवार. जमिनीस ते लागत नाही. दुसरा म्हणजे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठचा वारस दाखला. कायदा दोनशे वर्षांचा होत आला तरी अजून जिवंत आहे. जमिनीवर वारसाचे नाव चढते ते तलाठ्याकडे, ज्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तेथे सहा-क ही वारसांची नोंदवही आणि फेरफाराची वही, दोन्ही पाहावयाच्या असतात. आमच्या सुतार, लोहार, कुंभार, चांभार बांधवांचे घर गावठाणात असते, त्यास सातबारा नसतो. त्यांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा धारूर नगरपरिषदेची आकारणीची वही पाहावी; मात्र ती कराची वही आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

आणि "कोर्टानं दिलंय" या शब्दांत दम किती? बँकेने प्रमाणपत्र पाहून भल्या विश्वासाने रक्कम दिली तर बँक सुटते, एवढाच त्याचा मुख्य उपयोग. रक्कम घेणारा सुटत नाही. त्याच कायद्याच्या ३८७ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की या चौकशीतील निकालाने हक्काचा पुढील दावा अडत नाही. खरी गोष्ट दडवून प्रमाणपत्र मिळविले असेल तर ३८३ व्या कलमाने ते रद्द करून मागता येते. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असले तरी तो रक्कम हातात घेणारा, मालक नव्हे, हेही सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत १९८३ सालीच सांगून ठेवले आहे. पण हे सगळे कलम कामास यावे कसे? आधी हातात नक्कल पाहिजे.

ती मिळवावयाची कशी? प्रथम कोर्ट कोणते ते ठरवावे. धारूरास दिवाणी न्यायालय आहे. परंतु रक्कम व कामाचा प्रकार पाहून अर्ज वरिष्ठ स्तर न्यायालयात किंवा बीडच्या जिल्हा न्यायालयातही गेलेला असू शकतो. शिवाय धारूर हा तालुका जुना नव्हे. आजूबाजूच्या तालुक्यांतील गावे काढून तो झाला, त्यामुळे वडिलांच्या वेळचे प्रकरण केज, माजलगाव किंवा अंबाजोगाई येथे शोधावे लागेल. हल्ली ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावावरून आणि सालावरून प्रकरण शोधता येते, त्यास पैसा पडत नाही. शाळेत जाणाऱ्या पोरास सांगावे. मात्र नाव एकाच तऱ्हेने टाकून निराश होऊ नये. ज्ञानोबाचा ज्ञानदेव झालेला असतो, आणि अर्जदार म्हणून मयताचे नव्हे तर दिराचे नाव असते. तेथे न सापडल्यास न्यायालयाच्या रजिस्टरात शोध घेण्याचा लेखी अर्ज द्यावा. असे अर्ज बहुधा "दिवाणी किरकोळ" या सदराखाली नोंदलेले असतात, दाव्यांच्या यादीत नसतात. यातच पुष्कळांचे हेलपाटे फुकट जातात.

नंबर व साल सापडले की अर्धे काम झाले. मग नकलेचा अर्ज, त्यास लागेल तेवढा कोर्टफीचा स्टॅम्प, आणि अर्जात नुसते "कागद द्यावेत" असे न लिहिता नेमके काय हवे ते लिहावे: मूळ अर्ज, त्यासोबतची वारसांची यादी व शपथपत्र, नोटीस बजावल्याचा रिपोर्ट, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, आणि हुकूम. आमच्या मते यात नोटिशीचा रिपोर्ट सर्वांत मोलाचा. तुम्ही कारखान्यावर असता "समक्ष बजावली" असे त्यावर लिहिले असेल, तर तुमचा मुद्दा तेथेच सापडला! प्रकरणात तुमचे नाव नसेल तर मयताशी नाते काय आणि नक्कल कशास हवी हे लिहून न्यायाधीशांची परवानगी मागावी. अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. कित्येक जण येथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून बसतात. तो उपयोगी नाही. न्यायालयाची नक्कल न्यायालयाच्या नियमांनीच मागावी, असे सुप्रीम कोर्टाने २०२० त ठरविले आहे. तलाठी व तहसील यांच्या कागदांस मात्र तो अधिकार खुशाल वापरावा.

उशीरही करू नये. न्यायालयाचे सगळेच कागद जन्मभर राहत नाहीत. १९१७ च्या कायद्याने जुने दप्तर मुदतीनंतर नष्ट करण्याचे नियम करता येतात आणि तसे नियम आहेत. प्रोबेट झालेले मूळ मृत्युपत्र तेवढे जिल्हा न्यायालयाने जपून ठेवावे असा वारसा कायद्याचा दंडक आहे.

आजोबा-पणजोबांच्या वेळचे काम असेल तर गोष्ट निराळी. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोर्टाचे कागद उर्दूत, गावचे पुष्कळसे मोडीत, आणि साल फसली. १३५० फसली असे दिसले की त्यात ५९० मिळवावे, म्हणजे १९४०-४१ येते. इनामाच्या वारसाची चौकशी असेल तर कागदावर "विरासत" हा शब्द शोधावा, आणि अंबाजोगाई न सापडल्यास मोमिनाबाद पाहावे. तेव्हा त्या गावाचे नाव तेच होते. उर्दू वाचणारे म्हातारे अजून गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जाण्यास लाजू नये. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी उर्दू आणि मोडी दप्तरे बाहेर निघाली, धूळ झटकली गेली. म्हणजे सरकारच्या मनात आले की दप्तर सापडते! एका विधवेने मागितले की तेच दप्तर "सापडत नाही", याचे आम्हांस नवल वाटते.

मृत्युपत्राविषयी आमच्यात फार गैरसमज आहे. ते श्रीमंतांचे काम असे लोक समजतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ त आपले मृत्युपत्र करून ते रीतसर नोंदविले, दत्तक पुत्र यशवंत यास वारस केले, आणि तीन वर्षांनी ते निवर्तले. त्यांच्यासारख्या लोकांसाठी झिजणाऱ्या पुरुषासही आपल्यामागे भाऊबंद काय करतील हे समजत होते. ते मृत्युपत्र नोंदले गेले म्हणून आज छापून वाचावयास मिळते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेले मृत्युपत्र, करणारा जिवंत आहे तोवर त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. तो वारल्यावर जो कोणी अर्ज करील त्यास नक्कल देणे भाग आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ५७ वे कलम तसेच सांगते. तेव्हा "बापाने मृत्युपत्र केले होते" असे कोणी सांगू लागला तर त्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका, कचेरीत जा.

याच कचेरीत आमच्या बहिणींचे आणखी एक काम आहे. पूर्वी कागद कुलकर्ण्याच्या, पटवाऱ्याच्या बस्त्यात होता, आणि त्याने आमच्या बापजाद्यांस नाडले हे आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. खरेच आहे ते. पण आज तोच बस्ता आपल्याच भावाच्या कपाटात गेला आहे, त्याचे काय? २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः मुलाइतकीच वडिलार्जित मिळकतीची हिस्सेदार झाली, आणि बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, हक्क आहे, असे सुप्रीम कोर्टाने २०२० च्या ऑगस्टात निर्वाळा दिला. तरी राखीपौर्णिमेला बोलावून, लुगडे नेसवून, बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल सुटत नाही. बरे, बहिणीने राजीखुशीने दिले तर कोणाचे काही म्हणणे नाही. पण कशावर सही केली ते तिला ठाऊक पाहिजे. जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदल्याशिवाय चालत नाही, आणि जमिनीच्या दस्तांची ती वही फी भरून कोणासही पाहता येते. "तू सोडून दिलंस" असे सांगणाऱ्या भावास भांडत बसण्यापेक्षा ती वही पाहावी. नोंद नसेल तर सोडलेले नाही.

वकिलास पैसे कोठून आणावे, असे बायाबापड्या विचारतील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट कायदेशीर मदत मिळते. तशीच ती अनुसूचित जाती-जमातींस आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कोणासही मिळते. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीकडे कोऱ्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. कोर्टाबाहेर झाडाखाली "लगेच काढून देतो" म्हणणारे जे बसलेले असतात त्यांस शंभर रुपयांच्या कामाचे पाच हजार देण्याआधी हा दरवाजा ठोठवावा.

हे सर्व करण्याचा हंगाम म्हणजे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. मुकादमाची उचल घेऊन एकदा गाडी निघाली की पाडव्यापर्यंत कोणी विचारीत नाही. ज्या घरात गेल्या वर्षात कोणी वारले असेल त्यांनी निघण्याआधी सहा-कची नोंद आणि कोर्टात कोणाचा अर्ज पडला आहे की काय हे पाहावे. गावात राहणाऱ्या विश्वासाच्या एका माणसास, शक्य तर माहेरच्या, नक्कल घेण्याचे अधिकारपत्र सही करून द्यावे आणि पोचपावती त्याच्याजवळ ठेवावी. कारखान्याच्या ज्या पत्त्यावर टोळी उतरणार आहे तो पत्ता कोर्टात पडलेल्या अर्जावर लिहून द्यावयास विसरू नये.