शाजापूरचे ऊन आणि कुडगीची राख

ग्वाल्हेर हे नाव आमच्या सीमाभागातील वाचकांस परके नाही. महादजी शिंद्यांच्या पराक्रमाने ते आमच्या इतिहासात गेले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथील गायकी कृष्णाकाठी आणल्यामुळे ते आमच्या कानांतही बसले. आज मात्र आम्ही त्या नावाचे स्मरण निराळ्याच कारणासाठी करीत आहोत. १९४८ साली मध्यभारतात विलीन झालेल्या त्या संस्थानच्या जुन्या मुलखात सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याचा फार मोठा उद्योग उभा राहत आहे. त्यात उतरलेल्या कंपन्यांपैकी एक कोण, तर विजापूर जिल्ह्यात कुडगी येथे कोळसा जाळणारी एनटीपीसी. एकाच कंपनीचे हे दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम जे अभिनंदनीय आहे त्याचे अभिनंदन करू. आगर, शाजापूर आणि नीमच ही माळव्यातील तीन ठिकाणे एके काळी ग्वाल्हेर दरबारच्या अमलाखाली होती. तेथे अनुक्रमे ५५०, ४५० आणि ५०० मेगावॅट, म्हणजे एकूण दीड हजार मेगावॅटची सौर उद्याने योजिली गेली. २०२१ साली निविदा उघडल्या तेव्हा एनटीपीसीच्या उपकंपनीने शाजापूरची ३२५ मेगावॅटची कामे युनिटमागे २ रुपये ३३ पैसे आणि २ रुपये ३५ पैसे या दरांनी मिळविली. नीमचचा दर तर २ रुपये १४ पैशांपर्यंत खाली आला. पुढे २०२५ मध्ये खुद्द ग्वाल्हेर शहराच्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यासाठी निविदा निघाल्या. दिवसा साठविलेली वीज संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बॅटरीतून पुरवावयाची, अशी तेथे अट होती. तरीही दर २ रुपये ७० पैशांच्या आसपासच राहिला. सौर वीज महाग आणि सूर्य मावळला की ती संपली, या दोन्ही सबबी आता जुन्या झाल्या आहेत.

एनटीपीसीचा जन्म १९७५ सालचा. तिच्या मूळ नावात 'औष्णिक' हा शब्द होता. २००५ साली तो गळाला. २०३२ पर्यंत ६०,००० मेगावॅट अक्षय ऊर्जा उभारण्याचा संकल्प तिने जाहीर केला आहे आणि त्यासाठी वेगळी हरित कंपनी स्थापून २०२४ मध्ये भागविक्रीतून दहा हजार कोटी रुपये उभे केले आहेत. हा संकल्प पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु नाव बदलल्याने धुराडे बदलत नाही, हेही विसरून चालणार नाही.

कुडगीचा प्रकल्प २४०० मेगावॅटचा आहे. सोलापूरजवळचा, त्याच कंपनीचा, १३२० मेगावॅटचा. एक युनिट वीज काढावयास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो, आणि आपल्या देशी कोळशाच्या शंभर टनांमागे तीस-चाळीस टन राख उरते. ही राख कोठे तरी साठवावी लागते. साठविली की ती वाऱ्यावर उडते आणि पाण्यात झिरपते. कुडगीचे पाणी आलमट्टीच्या जलाशयातून येते, सोलापूरचे उजनीतून. म्हणजे दुष्काळी टापूतील शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी. वीज मात्र दूरच्या शहरांना जाते. २०१४ च्या जुलैमध्ये कुडगीच्या शेतकऱ्यांचे आंदोलन चिघळले आणि पोलिसांनी गोळीबार केला, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कारण कंपन्यांची सुबक वार्षिक निवेदने नेमका तोच पुसून टाकीत असतात. कोळशातून निघणारा कार्बन वायू साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. तो माळव्यात कमी झाला काय किंवा विजापुरात कमी झाला काय, जगाच्या तापमानास दोन्ही सारखेच. तेव्हा कार्बनच्या हिशेबात शाजापूरचे ऊन कुडगीच्या खात्यावर जमा धरता येईल. राखेचे आणि धुराचे तसे नाही. राख जेथे पडते तेथेच पडते. गंधकयुक्त धूर वाऱ्याने वाहून गेला तरी ज्या गावांवरून जातो त्यांच्याच छातीत उतरतो. शाजापुरात कितीही आरसपानी पट्टे अंथरले, तरी कुडगीच्या शेतकऱ्याच्या तुरीवर बसलेली राख त्याने धुतली जात नाही. देशाची एकूण गोळाबेरीज हिरवी दिसली म्हणून प्रत्येक गाव हिरवे झाले, असे मानणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

दुर्दैवाने सरकारी धोरणही याच आत्मवंचनेस खतपाणी घालीत आहे. धुरातील गंधक वायू काढून टाकणारी यंत्रे वीजकेंद्रांना बसवावीत असा दंडक २०१५ साली घालण्यात आला. त्याची मुदत वारंवार वाढविली गेली आणि २०२५ च्या जुलैमध्ये मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. देशी कोळशात गंधक कमी असते आणि यंत्रे महाग पडतात, असे सांगितले जाते. यात तथ्य असेलही. परंतु दहा लाख वस्तीच्या शहराजवळचा धूर घातक आणि खेड्याजवळचा तोच धूर निरुपद्रवी, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

उद्याच कोळशाची केंद्रे बंद करा, असा अविचारी आग्रह आमचा नाही. गिरणी, रुग्णालय आणि विहिरीवरचा पंप यांना रात्रीही वीज लागते. परंतु दिवसा ऊन भरपूर असताना कोळशाची भट्टी मंद ठेवणे शक्य आहे. २०२३ च्या नियमांनी ही केंद्रे क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरविता आली पाहिजेत असे ठरविले आहे. नवी सौर वीज कोळशाच्या जोडीला नव्हे, तर कोळशाच्या जागी आली, तरच तिला अर्थ आहे.

माळव्यातील गावांचाही विचार येथे केला पाहिजे. सौर विजेला मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते. म्हणजे शाजापूरच्या ३२५ मेगावॅटला दीड हजार एकरांच्या आसपास. सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून लिहिलेली जमीन गावाच्या लेखी बहुधा गायरान असते, हे आम्हां सीमाभागातील लोकांना कोणी शिकवावयास नको. विजेसाठी जमीन गेली की काय होते, हे मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह करून जगास सांगितले. ऊन फुकट असले तरी ज्या भूमीवर ते पडते ती कोणाची तरी असते.

म्हणून आमच्या अपेक्षा स्पष्ट आहेत. एनटीपीसीने आपला पर्यावरणाचा हिशेब साऱ्या देशाचा मिळून एक असा न देता केंद्रवार द्यावा: किती कोळसा जाळला, किती पाणी घेतले, किती राख उचलली आणि किती पडून राहिली. २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के उपयोग करण्याचे बंधन घातले आहेच. त्याचे पालन कितपत झाले हे गावकऱ्यांस समजेल अशा भाषेत ग्रामसभेपुढे दरवर्षी वाचून दाखवावे. स्वस्त सौर विजेमुळे जी बचत होईल तिचा काही भाग जुन्या केंद्रांची हवा शुद्ध करण्याकडे वळवावा. आणि गायराने घेताना गुरांच्या चाऱ्याची सोय आधी, कुंपण नंतर, हा क्रम पाळावा.

जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या उन्हाने देशाला स्वस्त वीज देऊ केली आहे, ही आनंदाची वार्ता आहे. परंतु त्या उजेडाची खरी परीक्षा शाजापुरात व्हावयाची नाही. ज्या दिवशी कुडगीच्या बाईला अंगणातली राख झाडावी लागणार नाही, त्या दिवशी ही कंपनी हिरवी झाली असे आम्ही मानू.