वाद असावा, वितंडा नको

आपल्या भागात 'वाद' या शब्दाची लोकांना धास्तीच आहे. सीमाभागातल्या माणसाला वाद म्हटले की सीमावाद आठवतो आणि तो विषय बदलतो. खरे तर शब्द मुळात चांगला. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते शोधायला दोघे बोलतात, तो वाद. नुसते जिंकायला बोलतात, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची तेवढी मोडीत काढायची, ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द मराठीत आहे तसा कन्नडमध्येही आहे. म्हणजे खोड दोन्हीकडची सारखीच!

लोकशाही मतपेटीवर चालते, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण मत पेटीत पडण्याआधी ते तयार कुठे होते? कट्ट्यावर, सभेत, वर्तमानपत्रात आणि रात्री जेवताना घरात. तिथले बोलणे नासले, तर पेटी कितीही सीलबंद असली तरी उपयोग काय?

यासाठी लांबचे उदाहरण नको. चोर्ला घाट उतरला की गोवा. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, तर डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी बाजूचे प्रमुख नेते. सरकारच एका बाजूचे असताना कौल निष्पक्ष कसा होणार, ही शंका होतीच. डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांचे मंत्रिमंडळ बाजूला झाले आणि राष्ट्रपती राजवटीत कौल घेतला गेला.

दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे होते. विलीनीकरणवाले म्हणत, भाषा आणि संस्कृती एक आहे, एवढासा प्रदेश एकटा कसा टिकणार? बहुजन समाजाला वाटे, महाराष्ट्रात गेलो तर भाटकारांचा वरचष्मा सुटेल. विरोधक म्हणत, मोठ्या राज्यात आपण एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसू, नोकऱ्या बाहेरचे नेतील, आपले वेगळेपण पुसले जाईल. 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, 'राष्ट्रमत' विरोधात. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर 'राष्ट्रमत'मधलेच. आता गंमत पाहा. 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते! महाराष्ट्रात जायचे नाही, हे मराठीतून पटवून दिले जात होते. भाषा कुठल्याच एका बाजूची मिरासदारी नव्हती.

निकाल लागला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पण खरी शिकण्याची गोष्ट पुढेच आहे. अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. 'तुमचे म्हणणे पटले नाही, पण कारभार तुम्हीच करा,' असे म्हणणारा मतदार सोपा नव्हे. त्या प्रचारात भावना होत्या, गाणी होती, चिमटेही होते. तरीही लोकांनी प्रश्न वेगळा ठेवला आणि माणूस वेगळा.

हे आपल्याकडे किती जमते? आपल्या घराघरांत सून कन्नड शाळेत शिकलेली, सासू मराठी, नातवंडे इंग्रजी माध्यमात. सणाच्या ताटात पुरणपोळीला कुणी होळिगे म्हटले तर भांडण होत नाही. पण नातवाला दुसरी भाषा कोणती घ्यायची, दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे मोठी, हे निघाले की एकाच पंगतीतली माणसे दोन गटांत बसतात. मग मुद्दा मागे पडतो आणि 'तू तर त्यांच्यातलीच' हे वाक्य येते. त्या वाक्याला उत्तर नसते. तिथे वाद संपतो, वितंडा सुरू होते. पुढे हीच सवय सभेत आणि मतदानात जाते.

आमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतही मुले टाळ्यांची वाक्ये पाठ करून येतात. गेली काही वर्षे मी सरावात एक नियम लावते. आपले उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे असे सांगायचे की त्याने मान डोलवून 'हो, हेच' म्हणावे. जुने शास्त्रकार यालाच पूर्वपक्ष म्हणत. तो नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला मान नव्हता. मुलांना हे फार जड जाते. पण एकदा जमले की आवाज आपोआप खाली येतो. कधी कधी मतही बदलते आणि बदलले नाही तरी मैत्री राहते.

हा नियम घरातही लावून बघा. पाटीचा, शाळेचा, निवडणुकीचा विषय निघाला की सासूने सुनेची बाजू मांडायची आणि सुनेने सासूची, तीही एकमेकींच्या भाषेत. चुका होतील, हसू येईल, येऊ द्या. कन्नडमध्ये म्हणतातच ना, 'मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु.' बोललेला शब्द आणि फुटलेला मोती परत जुळत नाही. वाद जरूर घाला, मोती तेवढा सांभाळा.