आवाज येतोय का माझा?

"हॅलो... हॅलो... आवाज येतोय का माझा?"

२०२०च्या लॉकडाऊनपासून आपल्या पिढीने सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य कुठलं, अशी निवडणूक घेतली तर 'आय लव्ह यू'चं डिपॉझिट जप्त होईल आणि हे वाक्य प्रचंड बहुमताने निवडून येईल. पलीकडून 'येस, यू आर ऑडिबल' आलं की आपण निर्धास्त. पण मंडळी, आवाज पोचणं वेगळं आणि आवाज चांगला पोचणं वेगळं. या फरकाची किंमत आमच्या घरात नुकतीच मोजली गेली. म्हणून आजचा कॉलम चक्क हेडसेटवर. हो, तोच! कानांवर दोन गोल, तोंडापुढे माइकची दांडी, आणि तीन-चारशेपासून दोनेक हजारांपर्यंत मिळणारा.

त्याचं झालं असं...

माझी धाकटी बहीण एमबीए करून नोकरी शोधत होती. हल्ली पहिला राउंड बहुतेक ऑनलाइनच असतो. तिने तीन कंपन्यांचे इंटरव्ह्यू दिले आणि तिन्ही वेळा गाडी पहिल्याच स्टेशनात अडकली. तिसऱ्या ठिकाणच्या एचआरने निदान कारण तरी कळवलं, 'कॉन्फिडन्स कमी वाटला, बोलण्यात स्पष्टता नाही.' आई ते ऐकून हसायलाच लागली. कारण आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत कपाटावर जेवढे करंडक धूळ खात बसलेत, ते सगळे या बाईसाहेबांचे. वक्तृत्वाचे. माझा त्यात एकही नाही. मी आपली लिहिणारी!

पण धाकटी हसली नाही. चौथ्या इंटरव्ह्यूची तारीख आली, त्या रात्री वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "ताई, मला बहुतेक बोलताच येत नाही गं. कॉलेजमध्ये सगळे उगाच टाळ्या वाजवायचे."

हे मला जाम लागलं. म्हटलं, चल, आपण खोटा इंटरव्ह्यू घेऊ. ती हॉलमध्ये लॅपटॉपसमोर, मी आतल्या खोलीत माझ्या लॅपटॉपवर, दार बंद. मी एकदम खडूस आवाजात म्हटलं, "टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ." आणि उत्तर ऐकून चाटच पडले. धाकटी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलत होती! पातळ, किरकिरा आवाज, मागे सतत 'हुम्म्म', आणि प्रत्येक 'प' आणि 'भ'ला माइकवर फुंकर. दोन मिनिटांत मीच तीनदा विचारलं, "काय? परत बोल." तिसऱ्यांदा तिचा सूर चढला, मग वाक्य तुटलं, मग ती गडबडली. कॉन्फिडन्स कमी वाटणारच ना!

आणि आता कबुलीजबाब. तो हेडसेट मीच तिला दिलेला. तीनशे रुपयांच्या आसपास घेतलेला. मी वर्षभर त्यावर मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज ऐकून लिहून काढत होते. ऐकायला एकदम ठीक होता. त्याचा माइक मी कधी वापरलाच नव्हता. आणि इथेच हेडसेटचा सगळा लोच्या आहे. स्पीकर आपल्यासाठी असतो, माइक दुसऱ्यासाठी. आपण विकत घेताना फक्त आपली बाजू तपासतो. दुसरी बाजू आपल्याला ऐकूच येत नाही, आणि ज्याला ऐकू येते तो सभ्यपणे 'यू आर ऑडिबल' म्हणून मोकळा होतो.

बरं, हा फक्त माझ्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले आणि ते २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना तेच शब्द, तोच मजकूर दोन प्रकारे ऐकवला. एकदा स्वच्छ आवाजात, एकदा स्वस्त माइकमधून आल्यासारख्या पत्र्याच्या आवाजात. दोन्हींतला शब्द न् शब्द कळत होता. तरी पत्र्याचा आवाज ऐकणाऱ्यांना बोलणारा माणूस कमी हुशार, कमी विश्वासार्ह आणि नोकरीला घ्यायला कमी लायक वाटला. एवढंच नाही, तर डेटवर जायलाही कमी इंटरेस्टिंग वाटला! म्हणजे दोष वायरीचा आणि मार्क कापले जाणार माणसाचे.

मग काय, शनिवारी आम्ही दोघी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांसाठी तो कायमचा लॅमिंग्टन रोड. पहिल्या दुकानदाराने काउंटरवर सहा खोके मांडले आणि निकाल दिला, "मॅडम, सब सेम है, कलर पसंद करो." आम्ही पुढच्या दुकानात गेलो. तिथे मात्र डेमो पीस होते आणि दुकानदार निवांत होता.

आधी कम्फर्टबद्दल. पाचव्या मिनिटाला जगातले सगळे हेडसेट आरामशीर असतात. खरी परीक्षा पन्नासाव्या मिनिटाला. बजेट हेडसेट बहुतेक कानावर टेकणारे असतात, म्हणजे गादी थेट कानाच्या पाळीवर दाब देते. चष्मा असेल तर त्याची काडी आणि गादी यांच्यात कान भरडला जातो. कानातलं असेल तर त्याची फिरकी मानेत रुतते. म्हणून नियम एक : चष्मा, कानातलं, बांधलेले केस, म्हणजे रोज जसे बसता तसेच दुकानात जा आणि किमान दहा मिनिटं घालून उभे राहा. दुकानदार बघेल विचित्र नजरेने. बघू दे. कान तुमचे आहेत.

कानाभोवती पूर्ण बसणारे मोठे हेडसेट पाळी दाबत नाहीत, पण मुंबईच्या मे महिन्यात त्यांच्या आत घामाची वाफ होते. शिवाय रेक्झिनच्या गाद्या आपल्या दमट हवेत लवकर पोपडे सोडायला लागतात आणि मग ऑफिसभर आपल्या गालावर काळे ठिपके. साधी स्पंजची गादी दिसायला गरीब, पण हवा खेळते. फाटली तर पुष्कळ मॉडेल्सना नवी जोडी थोडक्या पैशांत मिळते. आणि वजन बघा. हलका हेडसेट शंभर ग्रॅमच्या आसपास असतो, तर लाल-निळे दिवे लावलेला गेमिंगवाला सहज त्याच्या तिप्पट. आठ तास डोक्यावर कोण वागवणार?

आता आवाज. खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं असतं, तेवढ्यावर भुलू नका. माणसाच्या कानाचा पल्लाच साधारण तेवढा सांगितला जातो, म्हणून जवळपास प्रत्येक खोक्यावर तो आकडा असतो. त्या पल्ल्यात आवाज किती खाली-वर होतो ते कुणी छापत नाही. आणि बोलणं ऐकायला तेवढा पल्ला लागतही नाही. जुना लँडलाइन फोन फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ पोचवायचा आणि त्यावर लग्नं जमली, मोडली! फक्त 'स' आणि 'फ'चा घोळ व्हायचा, कारण त्यांची खरी सळसळ त्या पट्ट्याच्या वर असते. म्हणून तर आपण 'साताऱ्याचा स, फलटणचा फ' करत बसायचो. तेव्हा दुकानात ढिंच्याक गाणं लावून बेस तपासू नका. मोबाइलवर बातम्या लावा. बातमीदाराचा 'स' टोचत नसेल आणि 'फ' गिळला जात नसेल, तर पास.

आणि हो, व्हॉल्यूम. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबलवर तीच मर्यादा आठवड्याला फक्त ४ तास! हेडसेट कानावर नीट बसत नसेल तर बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत नेतो. म्हणजे कम्फर्ट ही चैन नाही, बॉस.

शेवटी माइक, आपला खरा गुन्हेगार. गंमत म्हणजे माइक स्वस्त असणं हा गुन्हाच नाही. या हेडसेटमध्ये असतो तो इलेक्ट्रेट माइक जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी १९६२मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये शोधला. तो इतका छोटा आणि स्वस्त बनतो, की पुढे तो टेलिफोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत सगळीकडे जाऊन बसला. मग लोच्या कुठे होतो? एक, जागेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. म्हणून लॅपटॉपच्या दीड-दोन फूट लांबच्या माइकपेक्षा तोंडाजवळचा साधा माइक बाजी मारू शकतो. पण तोंडासमोर नाही! मास कॉमला असताना रेडिओच्या प्रॅक्टिकलला हेच शिकवलेलं, आणि मी घरच्या घरी विसरले. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर. फुंकर बाजूने निघून जाते.

दोन, पिनमध्ये. जुन्या डेस्कटॉपच्या हेडसेटला दोन पिना असतात, हिरवी ऐकायची, गुलाबी बोलायची. हल्लीच्या लॅपटॉपला भोक एकच. लॉजिटेकचे एच ११० आणि एच १११ दिसायला जुळे भाऊ, पण पहिल्याला दोन पिना आणि दुसऱ्याला एक. चुकीचा उचललात तर माइक मुका. आणि तीन, ती 'हुम्म्म'. आमचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की ती यायची, काढला की जायची. घरातलं अर्थिंग धड नसलं की असं होतं. यूएसबी हेडसेटमध्ये आवाजाचं सर्किट स्वतःचं असतं, त्यामुळे ही कटकट बहुतेक वेळा मिटते. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, पण माझ्या मते पैसे टाकायची जागा हीच.

"मग माझे ब्लूटूथवाले का नाही घ्यायचे?" धाकटीने विचारलं. करून बघा. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं लावा आणि मग कॉल सुरू करा. बहुतेक जोड्यांमध्ये आवाज एकदम जुन्या ट्रान्झिस्टरसारखा होतो. माइक चालू झाला की दोन्ही बाजूंचा आवाज एका अरुंद वाटेतून जायला लागतो. नव्या तंत्रात हे सुधारलंय, पण हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही ते यायला हवं.

आम्ही शेवटी स्पंजच्या गादीचा, वायरवाला यूएसबी घेतला. दिवे नाहीत, स्टाइल नाही. पैसे देण्याआधी दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर धाकटीने अर्धा मिनिट बोलून रेकॉर्ड केलं आणि मग ते दुसऱ्या इअरफोनवर ऐकलं. हे मात्र कराच. हेडसेट घेतानाची सगळ्यात मोठी परीक्षा हीच, आणि ती फुकट आहे. ऐकता ऐकता ती थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी अशी बोलते?" म्हटलं, "हो गं बाई, तू अशीच बोलतेस."

चौथा इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. बंद दाराला कान लावून मी मोजत होते. 'सॉरी, कॅन यू रिपीट?'ला उत्तर द्यायची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही. दुसऱ्या राउंडचं बोलावणं आलंय. नोकरी मिळेल की नाही ते माहीत नाही, तो तिचा आणि कंपनीचा प्रश्न. पण नाकारलीच, तर या वेळी निदान तिला ऐकून नाकारतील.

जुना हेडसेट? तो अजून माझ्याकडेच आहे. फक्त ऐकायला. आज रात्री तुम्हीही एक काम करा. स्वतःच्या हेडसेटवर अर्धा मिनिट बोला, रेकॉर्ड करा आणि ऐका. तुमचं अप्रेझल येतंय ना?